बिबटे किती, कसं मोजायचं?

त्र्यंबकेश्वर तालुक्यात बिबट्या दिसला की आकडे फिरू लागतात. कुणी चार सांगतं, कुणी दहा. एकच बिबट्या तीन वाड्यांवर दिसला, तर तो तीनदा मोजला जातो.

अभ्यासक ओळख पटवतात ती अंगावरच्या ठिपक्यांवरून, कारण प्रत्येकाची नक्षी वेगळी असते. समजा, कॅमेऱ्यांनी पहिल्या फेरीत १० बिबटे टिपले, दुसऱ्या फेरीतही १०, आणि त्यांतले ५ आधीचेच. याचा अर्थ पहिल्या फेरीत साधारण निम्मेच टिपले गेले असावेत; मग एकूण बिबट्यांचा अंदाज निघतो १० गुणिले १० भागिले ५, म्हणजे २०. पण फोटो अंधूक असला आणि एक जुना बिबट्या नवा समजला गेला, तर ओळखीचे उरतात ४ आणि अंदाज होतो २५! एका चुकीने पाच बिबटे वाढले. ही चूक मला फार गंभीर वाटते.

डाव्या आणि उजव्या कुशीची नक्षीही सारखी नसते, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी असाच अभ्यास केला. २०१३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा अंदाज होता, दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ बिबटे, तेही फक्त प्रौढ.