मोकळी जागा आणि वाया गेलेली जागा

अध्यक्षपदावरून व्यवसायाच्या भवितव्याबद्दल बोलण्याची प्रथा आहे. मी मात्र एका सेटिंगबद्दल बोलणार आहे. डेटाबेसची फाइल फुगली की आपण डिस्क वाढवून मोकळे होतो आणि ती का फुगली हे विचारायचं राहून जातं. माझं म्हणणं असं आहे की फाइलमधली जागा ज्या तुकड्यांनी वाटली जाते त्या ब्लॉकचा आकार नोंदींच्या स्वभावावरून ठरवावा. नोंदी किती लांब आहेत आणि लिहून झाल्यावर किती वेळा बदलतात, एवढं कळल्याशिवाय त्या सेटिंगला हात लावू नये.

उदाहरण मुद्दाम जुनं घेतो, कारण त्यात यंत्रणा उघडी दिसते. फॉक्सप्रो या डेटाबेस प्रणालीत ठरावीक लांबीची माहिती डीबीएफ फाइलमध्ये राहते. शेरा, तपशील असा कमीजास्त लांबीचा मजकूर शेजारच्या एफपीटी फाइलमध्ये जातो. तिथे जागा ब्लॉकच्या पटीतच मिळते आणि प्रत्येक मजकुरामागे ८ बाइट त्याचा प्रकार व लांबी नोंदवण्यात जातात. समजा, ४० अक्षरांचा इंग्रजी शेरा आहे. तो ४८ बाइटचा झाला. ब्लॉक ५१२ बाइटचा असेल तर ४६४ बाइट रिकामे राहतात. ६४ बाइटचा, म्हणजे फॉक्सप्रोचा मूळचाच असेल, तर १६. असे दहा लाख शेरे असले की एका हिशेबाने ५१ कोटी २० लाख बाइट लागतात, दुसऱ्याने ६ कोटी ४० लाख. आणि मजकूर तोच! पण शेरे हजार अक्षरांचे असतील तर दोन्हीकडे प्रत्येकी १,०२४ बाइटच लागतात, सेटिंग बदलून काहीही हाती लागत नाही. इथे एक खाचही आहे. ब्लॉकचा आकार ठरवणाऱ्या सेट ब्लॉकसाइझ या आज्ञेला १ ते ३२ मधला आकडा दिला तर तो ५१२ ने गुणला जातो. ३२ च्या वरचा आकडा थेट बाइट म्हणून घेतला जातो. लहान ब्लॉक हवा म्हणून ३२ लिहिणाऱ्याच्या पदरात १६ किलोबाइटचा ब्लॉक पडतो.

मग शून्यच का लिहू नये, असा प्रश्न येईल. शून्य दिलं की जागा एकेका बाइटने मिळते आणि काहीच रिकामं राहत नाही. आक्षेप रास्त आहे, पण तो नोंद एकदाच लिहिली जाते असं धरून चालतो. त्याच ४० अक्षरी शेऱ्यात उद्या १० अक्षरांची भर पडली, तर ६४ च्या ब्लॉकमध्ये ती उरलेल्या १६ बाइटमध्ये मावते. एकेका बाइटच्या हिशेबात ती मावत नाही. अख्खा शेरा फाइलच्या शेवटी नव्याने लिहिला जातो आणि जुनी जागा पॅक मेमो ही आज्ञा चालवेपर्यंत मृत पडून राहते. रोज हात लागणाऱ्या नोंदींवर हा उपाय केला तर बारीक केलेली फाइल पुन्हा फुगते. म्हणून बंद झालेल्या वर्षांच्या नोंदींना शून्य शोभतं, चालू कामाच्या नोंदींना नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमधला फिलफॅक्टर, म्हणजे पान किती भरायचं याचा आकडा, याच विचारातून आला आहे. टेबलसाठी तो मुळात १०० टक्के असतो. तो कमी केला की ८ किलोबाइटच्या पानात, म्हणजे तिथल्या ब्लॉकमध्ये, बदललेल्या ओळीसाठी जागा राखली जाते. इंडेक्समधल्या रकान्यांना धक्का लागला नसेल, तर नवी ओळ त्याच पानात बसते आणि इंडेक्समध्ये नवी नोंद करावी लागत नाही. राखलेली जागा इथे फुगवटा टाळते, तिला वाया गेलेली म्हणणं अन्याय आहे.

डिस्क स्वस्त झाली, हा दुसरा आक्षेप. डिस्क स्वस्त झाली हे खरं, पण फॉक्सप्रोच्या एका फाइलची २ गिगाबाइटची मर्यादा पैशाने वाढत नाही, आणि रिकामे बाइट बॅकअपमध्येही जातात, मेमरीतही जागा अडवतात. तंत्रज्ञान जुनं आहे म्हणाल, तर मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची नवी आवृत्ती काढणार नसल्याचं २००७ मध्येच सांगितलं होतं. प्रश्न मात्र संपला नाही. मोबाइलमध्ये सर्रास असणाऱ्या एसक्यूलाइटने २०१६ मध्ये पानाचा मूळ आकार १,०२४ वरून ४,०९६ बाइट केला. आधीच्या फाइलमधला पानाचा आकार बदलायचा तर आजही व्हॅक्यूम ही आज्ञा चालवावी लागते.

मराठीत काम करणाऱ्यांनी तर हा हिशेब नव्यानेच मांडला पाहिजे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्राही त्यात आल्या. ‘टपाल’ हा शब्द १२ बाइटचा होतो. पोस्टग्रेस साधारण २ किलोबाइटच्या पुढची ओळ आवळू पाहतं किंवा तिचा मजकूर बाहेरच्या टेबलात हलवतं. इंग्रजी मजकूर दोन हजार अक्षरांच्या आसपास तिथे पोचतो, मराठी मजकूर सातशे चिन्हांच्या आतच. इंग्रजी नमुन्यावर ठरवलेलं सेटिंग मराठी दप्तराला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा शिवणं.

तेव्हा सेटिंग बदलण्याआधी खऱ्या नोंदींच्या लांबीची विभागणी काढा, महिन्याभरात किती नोंदींची लांबी वाढली ते पाहा आणि मगच आकडा लिहा. फॉक्सप्रोत नवा आकडा जुन्या फाइलला आपोआप लागत नाही. कॉपी करून नवी फाइल बनवावी लागते. त्या कॉपीत सांगितल्याशिवाय इंडेक्स येत नाहीत आणि डेटाबेसमधल्या टेबलची लांब रकानानावं दहा अक्षरांवर कापली जातात. म्हणून नवी फाइल उघडून रकाने, इंडेक्स आणि नोंदींची संख्या ताडून पाहिल्याखेरीज जुनी पुसू नका.