नोकरी, पदवी आणि घड्याळ

दिवसा नोकरी आणि रात्री अभ्यास ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. १८५५ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने टपालाने शिकविण्याचा उपक्रम हाती घेतला. १९८५ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आले, १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आले. टपालाच्या पिशवीतून येणारे पाठ आता मोबाइलच्या पडद्यावर येतात. २०२० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑनलाइन पदव्यांचे नियम घालून दिले, आणि मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या तोडीची मानली जाते. मान्यता मात्र प्रवेशाच्या आधी स्वतः पडताळून पाहावी. जाहिरातीवर विसंबू नये.

या सोयीचे कौतुक पुष्कळ होते. 'वाटेल तेव्हा शिका' असे सांगितले जाते. परंतु 'वाटेल तेव्हा' या दोन शब्दांतच सारी अडचण आहे. रात्रमहाविद्यालयाची घंटा वाजली की माणूस धावत वर्गात जाई. चित्रमुद्रित पाठ मात्र कधी घंटा देत नाही. तो आज थांबतो, उद्या थांबतो, परवाही थांबतो. आणि एखाद्या रविवारी एकदम सतरा पाठ साचलेले दिसतात.

मद्रासच्या आयआयटीने २०२० मध्ये सुरू केलेल्या विदाविज्ञानाच्या पदवीचे उदाहरण घेऊ. तेथे पाठ घरी ऐकावयाचे असले, तरी दर आठवड्याचा स्वाध्याय ठरलेल्या मुदतीत द्यावा लागतो, आणि परीक्षेला नेमलेल्या केंद्रावर स्वतः जाऊन बसावे लागते. मला ही सक्ती हितावह वाटते. एका विषयाला आठवड्याकाठी सुमारे दहा तास लागतात, असे धरून चालावे. आता हिशेब करा. आठवड्याचे तास १६८. झोपेचे ४९, कचेरी आणि जाण्यायेण्याचे ५५. उरले ६४. त्यांतच स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, दवाखाना, बाजार आणि पाहुणे. दोन विषय घेतले तर वीस तास त्यांतून काढावयाचे. चार घेतले तर चाळीस, म्हणजे ती दुसरी नोकरीच झाली. घाईने चार विषय घेणारा पुष्कळदा दोन्हीकडून अडतो. तेथे मधल्या टप्प्यावर पदविका घेऊन थांबण्याचीही मुभा आहे. ती कमीपणाची मानण्याचे कारण नाही.

इंदूरला राहणाऱ्या माझ्या भाचीने अशाच एका अभ्यासक्रमात प्रवेश घेतला. वय चाळीसच्या पुढे, पूर्ण वेळची नोकरी, घरी सासूबाई आणि शाळेत जाणारा मुलगा. पहिल्या सत्रात तिने तीन विषय घेतले आणि गणितात नापास झाली. मला म्हणाली, "मामा, गणित अवघड नव्हतं. रात्री अकरा वाजता डोळेच उघडे राहत नव्हते." मी तिला धीराचे चार शब्द सांगितले; त्यांचा काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो सासूबाईंचा. आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळची पोळीभाजी मी पाहीन, असे त्यांनी आपण होऊन सांगितले. जावईबापूंनी उरलेल्यांपैकी दोन दिवस उचलले, अर्थात थोडी कुरकुर करून. शिक्षण एकटीच्या नावावर असले तरी त्याचे तास घरातल्या कुणीतरी दिलेले असतात. पुरुष शिकू लागला की घर ते तास न मागताच देते. स्त्रीला ते मागावे लागतात, आणि मागताना अपराध्यासारखे वाटते.

पुढच्या सत्रात तिने गणित एकटेच घेतले. परीक्षेच्या रविवारी तिच्या शेजारच्या बाकावर अठरा वर्षांचा मुलगा होता, पलीकडे एक निवृत्त गृहस्थ. या वेळी ती उत्तीर्ण झाली. आता ती एका सत्रात दोनच विषय घेते, आणि मंगळवारी व गुरुवारी रात्री आठनंतर तिला दूरध्वनी करावयाचा नाही, हे आम्हा सर्व नातेवाइकांना ठाऊक झाले आहे.