अंकपाश आणि आपली मुले



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि इतिहास हे विषय शोभून दिसतात. त्या पंक्तीत आज गणिताचे पान मांडले आहे. आणि तेही बीजगणितातील अशा एका प्रकरणाचे, की ज्याचे नाव काढताच अकरावीतील मुलांचे चेहरे उतरतात. आपल्या रायपुरातील हिंदी पाठ्यपुस्तकांत त्यास ‘क्रमचय और संचय’ म्हणतात व पुढे ‘प्रायिकता’ येते. मराठी ग्रंथांतून हेच विषय क्रमचय, समचय आणि संभाव्यता या नावांनी भेटतात. इंग्रजी माध्यमातील मुलांना परम्युटेशन, कॉम्बिनेशन आणि प्रॉबॅबिलिटी हे शब्द परिचित असतात. म्हणजे एकाच मराठी घरात आजोबांचा शब्द एक, मोठ्या नातवाचा दुसरा आणि धाकट्या नातीचा तिसरा! तथापि मुलांचे घोडे शब्दांपाशी अडत नाही. ते अडते मोजण्यापाशी.

“सूत्रे पाठ आहेत, पण कोठे कोणते लावावे हे कळत नाही,” ही या प्रकरणाविषयीची तक्रार प्रत्येक शिक्षकाने ऐकलेली असते. ही तक्रार नीट तपासली पाहिजे, कारण ती वर्गसमीकरणाविषयी किंवा त्रैराशिकाविषयी सहसा येत नाही. तेथे उदाहरणाचा साचा एकदा ओळखला की रीत आपोआप चालू लागते. येथे मात्र प्रत्येक उदाहरण मुलाला नव्याने विचारते, “बाळ, तू नेमके काय मोजतो आहेस?” या प्रश्नाचे उत्तर सूत्रात नसते.

हे मर्म आपल्या पूर्वजांनी पुरतेपणी जाणले होते. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा. सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या या आचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. त्याचा पहिला भाग ‘लीलावती’, आणि लीलावतीचे अखेरचे गणिती प्रकरण ‘अंकपाश’. पाश म्हणजे फास! या प्रकरणात गुणाकार, भागाकार, वर्ग वा घन यांपैकी काहीच विचारलेले नाही, तरीही गर्विष्ठ गणकबटूंचे येथे हमखास पतन होईल, अशा आशयाचा मिस्किल इशारा आचार्य देतात. आठशे सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी पाश तसाच आहे.

या ग्रंथाशी मराठी मुलखाचे नाते केवळ अभिमानापुरते नाही. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथील देवीच्या मंदिरात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी तेथे मठ स्थापिला आणि त्याच्या निर्वाहासाठी १२०७ च्या सुमारास दाने दिली गेली, असे तो लेख सांगतो. त्यातील दानाचा मजकूर जुन्या मराठीत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात विद्वानांच्या नजरेस आणला. म्हणजे गणित शिकविण्यासाठी समाजाने निधी उभा केला आणि त्याचा हिशेब मराठीत कोरून ठेवला, असा हा आठशे वर्षांपूर्वीचा दाखला आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात त्याची आठवण अप्रस्तुत ठरू नये.

आता अंकपाशातील उदाहरणे पाहू. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म. आयुधे हातांत अदलून बदलून धरली तर मूर्तीचे भेद किती? पहिल्या हातासाठी चार पर्याय, दुसऱ्यासाठी उरलेले तीन, तिसऱ्यासाठी दोन, चौथ्यासाठी एक. चार त्रिक बारा, बारा दुणे चोवीस. आपल्या घरांतून संध्येत केशव, नारायण, माधव अशी चोवीस नावे घेतली जातात. मूर्तिशास्त्रात त्या चोवीस मूर्ती आयुधांच्या क्रमानेच ओळखल्या जातात. जो मुलगा आजोबांच्या शेजारी बसून ती नावे ऐकतो, त्याच्या कानांवरून चारांचे सर्व क्रमचय रोज जात असतात; त्याला हे कोणी सांगितलेले मात्र नसते!

दुसरे उदाहरण दशभुज शंभूचे. दहा हात, दहा आयुधे, उत्तर ३६,२८,८००. एखाद्या चित्रकाराने अहोरात्र न थांबता दर मिनिटास एक चित्र काढले, तरी त्याला २,५२० दिवस, म्हणजे जवळजवळ सात वर्षे लागतील. चारांवरून दहांवर जाताना संख्या कशी उसळी घेते, हे असे दाखविले म्हणजे क्रमगुणितापुढील उद्गारचिन्हाचा अर्थ मुलाच्या ध्यानात राहतो.

लीलावतीत अन्यत्र षड्रसांचेही उदाहरण आहे. मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय या सहा रसांपैकी एकेक घेऊन ६, दोन दोन घेऊन १५, तीन तीन घेऊन २०, पुढे १५, ६ आणि १. एकूण ६३ प्रकार. सुश्रुतसंहितेतही त्रेसष्ट रसभेदच सांगितले आहेत. येथे क्रमाला महत्त्व नाही. आमटीत चिंच आधी पडली की गूळ, यावरून ‘आंबटगोड’ हा प्रकार बदलत नाही. तसेच आठ द्वारांच्या राजवाड्याचे उदाहरण. किमान एक द्वार उघडे राहील, असे प्रकार २५५. एकेक, दोन दोन असे मोजून बेरीज करता येते. किंवा प्रत्येक द्वार उघडे की बंद एवढेच पाहावे, आठ दोनांचा गुणाकार करून २५६ मिळवावे आणि सर्व द्वारे बंद असण्याचा एक प्रकार वजा करावा. एकच उत्तर दोन वाटांनी काढणे हा या प्रकरणातील उत्तम सराव होय, कारण येथे ताळा पाहण्याचे अन्य साधन क्वचितच असते.

क्रम मोजावा की नाही, हा पाशातील पहिला फास. तो सोडविण्यास आपले मंडळच पुरेसे आहे. दहा कार्यकर्त्यांतून अध्यक्ष, चिटणीस आणि कोषाध्यक्ष निवडायचे, तर दहा नव्वे नव्वद, आणि नव्वद गुणिले आठ म्हणजे ७२० प्रकार. परंतु त्याच दहांतून गणेशोत्सवाच्या आरासीसाठी तिघांची समिती नेमायची, तर १२०. तिघे तेच, पदे असली तर त्यांची अदलाबदल सहा प्रकारे होते, पदे नसली तर त्या सहांचा एकच. म्हणून भागिले सहा. हे ‘भागिले सहा’ ज्याला उमगले, त्याला समचयाचे सूत्र पाठ करावे लागत नाही. ते त्याच्या हाती आपणहून येते.

मग सराव कसा करावा? माझ्या मते याचे उत्तर आपल्या छंदःशास्त्रात आहे. शाळेत वृत्ते शिकताना ‘यमाताराजभानसलगं’ आपण सर्वांनी घोकले आहे. अक्षर लघू किंवा गुरू, गणात अक्षरे तीन, म्हणून गण दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठच. नववा गण निघणे शक्य नाही. त्यांत तिन्ही गुरू असलेला एक मगण. दोन गुरू असलेले य, त, र. एक गुरू असलेले ज, भ, स. आणि एकही गुरू नसलेला नगण. एक, तीन, तीन, एक. पिंगलाच्या छंदःसूत्रांवर दहाव्या शतकात भाष्य करणाऱ्या हलायुधाने याच संख्यांचा मेरुप्रस्तार मांडून दाखविला. पाश्चात्त्य ग्रंथांत तो सतराव्या शतकातील पास्कालच्या नावाने प्रसिद्ध आहे.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, छंदःशास्त्रातील पहिली क्रिया आहे ‘प्रस्तार’, म्हणजे सर्व भेद ठरावीक क्रमाने एकाखाली एक लिहून काढणे. संख्या सांगण्याची क्रिया त्यानंतरची. आज वर्गात आपण नेमका उलटा प्रवास करतो. पहिल्या दिवशी सूत्र फळ्यावर येते, दुसऱ्या दिवशी चाळीस उदाहरणे सुटतात, आणि प्रस्तार कोणी मांडतच नाही. लीलावतीत २, २, १, १ या अंकांपासून होणाऱ्या संख्या विचारल्या आहेत. मुलाने त्या सहाच्या सहा लिहून काढाव्यात: ११२२, १२१२, १२२१, २११२, २१२१, २२११. चोवीस ऐवजी सहा का झाल्या, हे त्याला डोळ्यांनी दिसेल. मग त्यांची बेरीज करावी. ती ९,९९९ येते. प्रत्येक स्थानी तीन एक आणि तीन दोन का आले, याचा विचार करता करता सूत्राचे अंतरंग उलगडते. त्यानंतर ४, ८, ५, ५, ५ घ्यावेत. वीस संख्या सूत्राने काढाव्यात आणि लिहून पडताळाव्यात. लहान उदाहरण हाताने, मोठे सूत्राने, आणि दोहोंचा सांधा मनाने, असा हा क्रम असावा. प्रा. ना. ह. फडके यांचे ‘लीलावती पुनर्दर्शन’ ज्यांच्या घरी असेल, त्यांना अशी उदाहरणे मराठीतच सापडतील.

आता संभाव्यतेकडे वळू. अनुकूल प्रकार भागिले एकूण प्रकार, ही व्याख्या सोपी आहे. परंतु सर्व प्रकार समसंभाव्य हवेत ही अट मुले विसरतात. दोन फाशांची बेरीज दोनपासून बारापर्यंत अकरा प्रकारची असते, म्हणून सात पडण्याची संभाव्यता एक अकरांश, असे उत्तर हमखास येते. छत्तीस जोड्यांचा प्रस्तार मांडला की सातच्या सहा जोड्या दिसतात आणि उत्तर एक षष्ठांश ठरते. याहून चांगला धडा घरातल्या कवड्यांत आहे. कवडी उताणी किंवा पालथी पडते. पण ती नाण्यासारखी दोन्ही अंगांनी सारखी नसते. तेव्हा तिची संभाव्यता पुस्तकात शोधू नये. ती शंभरदा टाकावी, पाचशेदा टाकावी आणि नोंद ठेवावी. गणित कोठे संपते आणि अनुभव कोठे सुरू होतो, याची सीमारेषा त्या नोंदवहीत दिसते. पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभागाचे दीर्घकाळ नेतृत्व करणारे कोल्हापूरचे डॉ. वसंत शंकर हुजूरबाजार यांनी ज्या शास्त्रात जागतिक कीर्ती मिळविली, त्याचे बीज अशाच नोंदीत असते.

आणखी एक चकवा पाहा. एक फासा चारदा टाकला, तर किमान एकदा सहा पडण्याची संभाव्यता किती? एका वेळी एक षष्ठांश, म्हणून चार वेळा चार षष्ठांश, असे मूल म्हणते. त्याला एवढेच विचारावे, “मग सहा वेळा टाकल्यास सहा पडणारच का? आणि सात वेळा टाकल्यास?” त्याची चूक त्यालाच हसू आणील. एकदाही सहा न पडण्याचे प्रकार पाचाचा चतुर्घात, ६२५. एकूण प्रकार १,२९६. म्हणून किमान एकदा सहा पडण्याचे ६७१. निम्म्याहून थोडे अधिक, एवढेच! फ्रान्समधील जुगाऱ्यांच्या अशाच शंकांतून १६५४ मध्ये पास्काल आणि फर्मा यांचा पत्रव्यवहार झाला आणि संभाव्यतेचे आधुनिक शास्त्र आकारास आले.

जुगाराचा उल्लेख आला आहे, तर परीक्षेपलीकडची एक गोष्ट बोलणे प्राप्त आहे. पूर्वी सट्ट्याचा अड्डा गल्लीच्या टोकाशी असे आणि तेथे जाणारा मुलगा कोणाच्या तरी दृष्टीस पडे. आज तो अड्डा मुलाच्या खिशातील भ्रमणध्वनीत आला आहे. या विळख्यात सापडलेली तरुण मुले आणि कर्जात बुडालेली घरे ही आता केवळ वर्तमानपत्रातील बातमी राहिलेली नाही. अशा वेळी उपदेशापेक्षा अंकगणित अधिक उपयोगी पडते. समजा, शून्य ते नऊ यांपैकी एका आकड्यावर दहा रुपये लावायचे आणि तो लागल्यास नव्वद मिळायचे. संभाव्यता एक दशांश, म्हणजे न्याय्य मोबदला शंभर हवा. शंभर वेळा खेळणारा हजार रुपये लावतो आणि त्याच्या हाती सरासरीने नऊशे येतात. नशिबाने कितीही हेलकावे खाल्ले, तरी मांडणी मांडणाऱ्याच्याच बाजूची आहे. “अमुक आकडा बरेच दिवस लागला नाही, आता लागणारच,” असे जो म्हणतो, त्याला सांगावे की फाशाला स्मृती नसते. कालचे अपयश तो आज भरून देत नाही.

महाभारतातील नलाख्यान आपण वैदर्भीय दमयंतीसाठी आठवतो. त्यात गणिताचाही एक प्रसंग आहे. द्यूतात राज्य हरलेला नल बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. विदर्भाच्या वाटेवर बेहड्याचे झाड दिसते आणि ऋतुपर्ण त्याच्या पानांची व फळांची संख्या उभ्या उभ्या सांगतो. नल रथ थांबवितो, फळे मोजून पाहतो, आणि संख्या बरोबर निघते. तेव्हा ऋतुपर्ण त्याला अक्षविद्या देतो; आणि ती प्राप्त होताच नलाच्या देहातून कली बाहेर पडतो. बेहड्याची फळे त्या काळी फाशांसारखी वापरली जात, हे लक्षात घेतले म्हणजे कथेचा भावार्थ स्पष्ट होतो. ज्या अज्ञानाने नलाला बुडविले, त्याच विषयाच्या ज्ञानाने त्याला सोडविले. आणि त्यानेही राजाचा शब्द तसाच स्वीकारला नाही. तो मोजून पाहिला!

आपल्या मुलांना एवढेच शिकवायचे आहे. त्यासाठी मंडळाला मोठा खर्च नको. आठवड्यातून एक तास, एक फळा, मूठभर कवड्या, दोन फासे आणि एक नोंदवही पुरे. मुलांनी शाळेतील हिंदी किंवा इंग्रजी शब्द खुशाल वापरावेत. विचार करताना मराठीची साथ मिळाली तर दोन्ही भाषा बळकट होतील. ज्येष्ठांनी उत्तर सांगू नये, “तू काय मोजलेस? काही दोनदा मोजले नाहीस ना? काही सुटले नाही ना?” एवढे तीन प्रश्न मात्र विचारावेत. हे तीन प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय ज्याला लागली, तो परीक्षेत गुण मिळवीलच. पण कोणी फसवी जाहिरात, सोपी कमाई वा भविष्याची हमी घेऊन दारी आला, तर त्यालाही तो हेच प्रश्न विचारील.

चांगदेवाच्या मठाचा आज मागमूस नाही. शिलालेख तेवढा उरला आहे. दगडावर मजकूर टिकतो, विद्या मात्र शिकणाऱ्यांच्या हातांत टिकते. ते हात आपल्या घरांत आहेत. त्यांना मोजण्याची गोडी लागावी, एवढी इच्छा व्यक्त करतो.