एलिझाबेथ गॅस्केल : गिरणगावची कादंबरीकार



एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज लेखिका म्हटलं की आपल्याला जेन ऑस्टिन आठवते, ब्राँटे भगिनी आठवतात, जॉर्ज एलियट आठवते. एलिझाबेथ गॅस्केल यांचं नाव उशिरा निघतं, आणि तेही बहुधा शार्लट ब्राँटेच्या चरित्रकार म्हणून. मला मात्र त्या गिरणी कामगाराच्या घरात शिरलेल्या कादंबरीकार म्हणून फार मोठ्या वाटतात.

त्यांचा जन्म १८१० चा, लंडनचा. त्या जेमतेम वर्षाच्या असताना आई गेली आणि चेशरमधल्या नट्सफर्ड गावी मावशीनं त्यांना वाढवलं. १८३२ मध्ये विल्यम गॅस्केल यांच्याशी लग्न होऊन त्या मँचेस्टरला आल्या. विल्यम हे युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक. मँचेस्टर न्यू कॉलेजात ते इंग्रजी साहित्यही शिकवत. हेच कॉलेज पुढं ऑक्सफर्डला गेलं आणि १९०१ साली आपले महर्षी विठ्ठल रामजी शिंदे तिथं धर्माचा अभ्यास करायला दाखल झाले.

१८४५ मध्ये गॅस्केलबाईंचा तान्हा मुलगा स्कार्लेट फीवरनं गेला. दुःखातून मन निघावं म्हणून नवऱ्यानं त्यांना लिहायला सुचवलं आणि १८४८ मध्ये 'मेरी बार्टन' निनावी प्रसिद्ध झाली. त्या कादंबरीतला एक प्रसंग मला कधीच विसरता येत नाही. गिरणी बंद पडल्यानं जॉन बार्टन बेकार आहे. त्याच्या मुलाला तोच ताप येतो. ताप उतरतो, पण अंगात त्राण नाही; डॉक्टर सांगतात, आता सकस अन्न हवं. घरात दाणा नाही. बार्टन दुकानाच्या काचेपुढं उभा राहतो, तर गिरणीमालकाची बायको मेजवानीचं सामान घेऊन बाहेर पडते. तो घरी पोचतो तोवर पोर गेलेलं असतं.

इथं बाईंनी काय केलं पाहा. स्वतःचं दुःख त्यांनी उगाळलं नाही. ते कामगाराच्या घरात नेऊन ठेवलं आणि विचारलं, माझं मूल आजारानं गेलं, याचं कशानं गेलं? कादंबरीच्या उत्तरार्धात खटला आणि प्रेमकथा येते, तिथं पकड सैल होते असं माझं मत आहे. पण हा प्रश्न मालकवर्गाला झोंबला. बाईंनी आमच्यावर अन्याय केला, अशी ओरड झाली.

'नॉर्थ अँड साउथ' १८५४ पासून डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः आली. तिच्यात मालकाचीही बाजू आहे, संपाचीही आहे. पण माझं लक्ष बेसी हिगिन्सवर खिळतं. कार्डिंग खात्यात उडणारा कापसाचा तंतू छातीत भरून ही एकोणीस वर्षांची मुलगी मरते आहे. हवा खेळती ठेवणारं चाक बसवता येतं, पण त्याला पाच-सहाशे पौंड लागतात आणि त्यातून नफा काही नाही, म्हणून थोडेच मालक ते बसवतात. त्याहून भयंकर गोष्ट ती पुढं सांगते: काही कामगारांनाच ते चाक नको असतं, कारण तंतू गिळायची सवय जडलेली, तो पोटात गेला नाही तर भूक फार लागते! दारोदार जाऊन माणसांचं ऐकल्याशिवाय असा तपशील हाती लागत नाही.

'रूथ'मध्ये त्यांनी कुमारी मातेची बाजू घेतली, तर नवऱ्याच्याच चॅपेलमधल्या दोघांनी पुस्तक जाळलं. बाई व्यथित झाल्या, पण लिहीत राहिल्या. पुढं अमेरिकन यादवीमुळं कापूस येईना आणि लँकेशरच्या गिरण्या थंडावल्या. त्याच काळात आपल्या मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला होता. तिकडं बाई उपाशी कुटुंबांच्या मदतकार्यात राबत होत्या.

नोव्हेंबर १८६५ मध्ये त्यांचं निधन झालं. 'वाइव्ज अँड डॉटर्स' अपुरी राहिली.

'क्रॅनफर्ड' गोड आहे, जरूर वाचा. पण सुरुवात तिथून करू नका. आधी 'नॉर्थ अँड साउथ' हाती घ्या. ज्यांच्या घरात कुणी गिरणीत राबलं असेल, त्यांनी तर घ्याच.