मागे बसलेलं माणूस

मी मोडनिंबचा. पुणे-सोलापूर हमरस्त्यावरचं, माढा तालुक्यातलं आमचं गाव. एसटी आहे, मिरज-कुर्डुवाडी मार्गावरची रेल्वेही आहे. तरी दवाखाना असो, बाजार असो की लग्नकार्य, घरातला पहिला प्रश्न ठरलेला : "गाडीवर कोण नेतंय?" मी कविता लिहितो, म्हणून लोकांना वाटतं हा चंद्र-चांदण्यावर बोलेल. आज मात्र मी डबलसीटवर बोलणार आहे.

माझ्याकडे जुनी येझदी आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची, अडीचशे सीसीची. किक मारायची दांडी आणि गिअर बदलायची दांडी एकच. तो कारखाना 1996 मध्ये बंद पडला. पुढे 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी ही नावं नव्या गाड्यांवर परत आली. तसला गोल दिवा, तसली टाकी पाहून तरुण पोरं हरखून जातात. दिसायला ऐटदार, पण ताकदीला बेताची अशी ही गाडी. एकट्याला ती सहज ओढते. मागे माणूस बसलं की तीच गाडी वेगळी होते.

होतं काय, की मागच्या माणसाचं बहुतेक वजन मागच्या चाकावर येतं. पुढचं चाक हलकं होतं, हँडल हातात सैल वाटतं. मागची बाजू दबते, म्हणून हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. एकूण वजन वाढल्यानं गाडी थांबायला जास्त अंतर घेते. त्यात जुन्या गाडीचे ड्रमब्रेक आणि टू-स्ट्रोक इंजिन. ॲक्सिलरेटर सोडला तरी असं इंजिन गाडीला फारसं रोखत नाही. म्हणून डबलसीट निघताना मागच्या टायरमध्ये पुस्तिकेत दिली आहे तेवढी जादा हवा भरावी, शॉकअप घट्ट करावेत, आरसे पुन्हा लावावेत आणि पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा लांब राहावं. ब्रेकही दोन्ही लावावेत, पण हळूहळू दाबत. एकदम दाबला तर मागचं माणूस आपल्या पाठीवर येऊन आदळतं.

आपल्याकडे बायका बहुधा एका बाजूला पाय सोडून बसतात. साडीत दुसरा मार्गही नसतो. पण तसं बसलं की गुडघ्यांनी सीट धरता येत नाही. सगळी भिस्त एका हातावर, आणि त्या हातात बऱ्याचदा पिशवी नाहीतर लेकरू. याचा विचार कायद्यानं केलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 123 वा नियम सांगतो की, मागच्या माणसाला धरायला दांडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं तरी मागचं चाक झाकलेलं हवं. तेच आपलं साडीगार्ड. गाडी शोभिवंत दिसावी म्हणून पोरं तेच आधी काढून टाकतात. पदर, ओढणी, बुरख्याचा घेर यांना चाक ओळखत नाही.

आता हेल्मेटचं. मोटार वाहन कायद्याच्या 129 व्या कलमाप्रमाणे ते दोघांनाही लागतं. लहान मुलांसाठी 2022 मध्ये वेगळे नियम झाले : चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा हवा, आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. आमच्या ओळखीतल्या एका घरी नवराबायको गतिरोधकावरून उडाले. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, तिच्या नव्हतं. तो चालत घरी आला. तिला चौघांनी आणलं. त्या घरी बसून आल्यावर मी दुसरं हेल्मेट घेतलं.

अम्मा म्हणाली, "ह्या वयात डोक्यावर पातेलं घालून फिरू का रे?" मी म्हटलं, "अम्मा, पातेलं घरी राहू दे, हे घाल." करकंबवरून पंढरपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना ती कुरकुरत ते घालते. गावात पोरं हसतात. हसू देत.

श्रोतेहो, गाडी चालवणाऱ्याला खड्डा दिसतो. मागच्याला फक्त आपली पाठ दिसते. त्याच्या हातात ब्रेक नाही, हँडल नाही. म्हणून वळण येण्याआधी, खड्डा येण्याआधी तोंडानं सांगावं, "धरा." उतरा म्हणेपर्यंत उतरू नका, असंही सांगून ठेवावं. आणि मागे बसणाऱ्यानं "हळू घ्या" म्हटलं, तर त्यात आपला अपमान मानू नये. तेवढा एकच ब्रेक त्याच्याकडे असतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)