अध्यक्षांची घंटा आणि सभासदांचे मत

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



सभेच्या टेबलावर दोन वस्तू असतात : पाण्याचा तांब्या आणि घंटा. तांब्या सर्वांचा, घंटा फक्त अध्यक्षांची. या घंटेची सत्ता कुठवर चालते, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु महाराष्ट्राबाहेर एखादे मराठी मंडळ फुटते, तेव्हा त्याच्या मुळाशी पुष्कळदा टाळलेले मतदान असते. मंडळ दुभंगले की गणपती दोन बसतात. ते एक वेळ चालून जाते. रायपुरासारख्या शहरात मराठी शाळा मात्र दोन चालू शकत नाहीत. मुलेच तेवढी नसतात.

या प्रश्नाचा सर्वांत महाग धडा ज्या अधिवेशनाने दिला, ते खरे म्हणजे नागपूरला, रायपूर ज्या प्रांतात मोडत होते त्या मध्यप्रांताच्या राजधानीत, भरायचे होते. साल १९०७. काँग्रेसचा अध्यक्ष स्वागत समितीने तीन-चतुर्थांश मतांनी निवडावा, असा नियम आदल्याच वर्षी कलकत्त्यास झाला होता. नागपुरात जहालांना लोकमान्य टिळक हवे होते आणि मवाळांना ते नको होते. पण तीन-चतुर्थांश मते मवाळांनाही जुळेनात. अखेर वरिष्ठ समितीने अधिवेशनच उचलून सुरतेस नेले आणि डॉ. रासबिहारी घोष यांचे नाव पुढे आले. मत मिळत नाही म्हणून मतदारच बदलले, ही सल तेथूनच सुरू झाली. प्रांतातील वातावरण आधीच तापलेले होते. त्याच वर्षी रायपुरात भरलेल्या प्रांतिक परिषदेतही ‘वंदे मातरम्’च्या प्रश्नावरून दादासाहेब खापर्डे यांचा पक्ष आणि मवाळ मंडळी यांच्यात खटका उडाला होता.

सुरतेस तापीकाठच्या मंडपात २६ डिसेंबरला सुरेंद्रनाथ बॅनर्जी घोष यांच्या नावास अनुमोदन देण्यास उठले, तो गदारोळ होऊन सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांच्याकडे चिठ्ठी पाठविली. अध्यक्ष-निवडीच्या ठरावावर तहकुबीची सूचना मांडावयाची आहे, तरी आपले नाव पुकारावे, एवढाच तिचा आशय. चिठ्ठीस उत्तर आले नाही. ठराव घाईने मतास टाकला गेला, घोष निवडून आल्याचे जाहीर झाले आणि ते भाषणास उभे राहिले. तेव्हा टिळक व्यासपीठावर गेले. त्यांची सूचना नियमबाह्य असल्याचे सांगण्यात आले. आपण प्रतिनिधींकडे दाद मागू, असे म्हणून ते तेथेच उभे राहिले. पुढे एक दक्षिणी जोडा उडाला, तो सुरेंद्रनाथ आणि फिरोजशहा मेहता या दोघांनाही लागला, खुर्च्या फेकल्या गेल्या आणि पोलिसांनी मंडप रिकामा केला.

नियमाच्या दृष्टीने चूक कोणाची, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. निवड आधीच झालेली आहे, सभेतील ठराव हा केवळ उपचार, असे मवाळांचे म्हणणे होते. परंतु सूचना, अनुमोदन आणि मतदान हा सारा विधी सभेपुढे करावयाचा, आणि त्या सभेतील प्रतिनिधीस मात्र उपसूचना मांडू द्यावयाची नाही, हे फारसे पटण्यासारखे नाही. शिवाय त्या मंडपात बहुमत मवाळांचे होते, असेच बहुतेक मानतात. म्हणजे टिळकांना पाच मिनिटे बोलू देऊन मते मोजली असती, तरी घोषच निवडून आले असते. जिंकता येण्याजोगे मतदान टाळले गेले, आणि त्यापायी काँग्रेस दुभंगली ती १९१६ च्या लखनौ अधिवेशनापर्यंत.

याउलट उदाहरण विठ्ठलभाई पटेलांचे. १९२८ च्या सप्टेंबरात मध्यवर्ती कायदेमंडळात सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर ६१ विरुद्ध ६१ अशी समसमान मते पडली. अध्यक्ष या नात्याने विठ्ठलभाईंनी आपले निर्णायक मत विधेयकाविरुद्ध दिले. त्यांचे कारण साधे होते : इतका असाधारण कायदा ज्यांना हवा, त्यांनी सभागृहाचे बहुमत स्वतः मिळवावे, अध्यक्षांच्या एका मतावर तो उभा राहू नये. ते मूळचे स्वराज्य पक्षाचे, तेव्हा सरकारपक्षास यात पक्षपात दिसला असल्यास नवल नाही. पण ब्रिटिश पार्लमेंटात सभापती डेनिसन यांनी १८६७ मध्येच हा दंडक सांगून ठेवला होता : जेथे बहुमत नाही, तेथे ते अध्यक्षाने निर्माण करू नये.

छत्तीसगढ विधानसभेलाही संविधानाच्या १८९ व्या अनुच्छेदाने हेच बंधन घातलेले आहे. सभापतींनी पहिल्या फेरीत मत द्यावयाचे नाही. मते समसमान पडली तरच द्यावयाचे. मंडळांच्या बाबतीत तर निर्णायक मत नियमावलीत लिहिलेले असेल तरच असते. खुर्चीबरोबर ते आपोआप येत नाही. पुष्कळ अध्यक्षांना हे ठाऊक नसते आणि सभासदांनाही नसते, म्हणून ते वर्षानुवर्षे बिनबोभाट वापरले जाते.

सभा मध्येच गुंडाळण्याचेही तसेच. इंग्लंडमध्ये १८९४ साली नॅशनल ड्वेलिंग्ज सोसायटीच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की, सभेचे काम शिल्लक असताना अध्यक्ष आपल्या मर्जीने ती बंद करून उठून गेले, तर सभेने दुसरा अध्यक्ष निवडून काम पुढे चालवावे. अध्यक्षांची सत्ता आहे ती शिस्तीवर : कोणी आधी बोलावे, कोणी आवरते घ्यावे, विषयपत्रिकेबाहेरचे काय थांबवावे, गणसंख्या भरली की नाही. गोंधळ माजला तर थोडा वेळ सभा थांबविणे हेही त्यांचेच काम. मात्र हात वर झाल्यावर ते नीट मोजणे आणि जो आकडा येईल तो जाहीर करणे, एवढेच त्यांच्याकडे उरते. आकडा न आवडल्यास फेरमतदान पुकारणे किंवा मतदानाच्या आदल्या रात्री कोणाचे सभासदत्व थकबाकीचे ठरविणे, हे घंटेच्या कक्षेत बसत नाही. वर्गणी थकली असेल तर तसे आधी लेखी कळवावयाचे आणि त्या सभासदाचे म्हणणे ऐकून घ्यावयाचे.

शाळेच्या पालक-शिक्षक संघात आणि माजी विद्यार्थी संघात ही वेळ कधी ना कधी येईल : फीवाढ, माध्यम, इमारत यांवर. त्या दिवशी एखादा सभासद चिठ्ठी पाठवील. ती वाचून तिच्यावर ‘परवानगी आहे’ किंवा ‘नाही, कारण अमुक’ अशी एक ओळ लिहून परत द्यावी आणि इतिवृत्तात तिची नोंद करावी. सुरतेच्या मंडपात तेवढी एक ओळ लिहिली गेली नाही.