देवगडाचा दावा



जागतिक वारसा म्हटला की आपल्या मध्य प्रदेशात खजुराहो, सांची आणि भीमबेटका ही तीन नावे घेऊन लोक थांबतात. परंतु युनेस्कोच्या मुख्य यादीत नाव दाखल होण्यापूर्वी ज्या संभाव्य यादीच्या ओसरीवर निदान एक वर्ष तिष्ठावे लागते, तेथे याच राज्यातील कितीतरी अल्पपरिचित स्थळे उभी आहेत, आणि २०२४ साली त्यांत जी भर पडली तीत बऱ्हाणपूरचा खुनी भंडारा व मंडल्याजवळच्या रामनगरची गोंडकालीन स्मारके यांचा समावेश झाला.

खुनी भंडारा ही इमारत नव्हे. सातपुड्याच्या उतारावर झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यात घेऊन, ओळीने खोदलेल्या शंभराहून अधिक कुंड्यांच्या मार्गे ते शहरापर्यंत आणण्याची, खानखानान अब्दुर्रहीमच्या अमलात १६१५ च्या सुमारास झालेली ती योजना आहे. कुंडीत उतरणाऱ्यास भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साचलेले दिसतात. रामनगरास नर्मदाकाठी राजा हिरदेशाहचा मोतीमहाल आहे, आणि १६६७ च्या संस्कृत शिलालेखात गढामंडल्याच्या गोंड राजांची वंशावळ कोरलेली आहे.

मग देवगड का नाही? आपल्या सौंसर परगण्याच्या माथ्यावर, मोहखेड तहसिलीतील त्या डोंगरावर नगारखाना, कचेरी, बादलमहाल आणि मोतीटाके आजही दाखविता येतात, देवगडच्या गोंड राज्याचा मूळपुरुष जाटबा याची नोंद ‘आईन-ए-अकबरी’त आहे, त्याच गादीवरील बख्तबुलंदाने १७०२ मध्ये नागपूर वसविले, आणि पुढे १७४३ मध्ये रघूजी भोसल्यांचा अंमल बसला तेव्हा राजधानीचे भाग्य डोंगर उतरून कायमचे खाली गेले. देवगडास आठशे विहिरी व नऊशे बावड्या होत्या, असे आपल्याकडील वृद्ध सांगतात. आकडा लोककथेचा म्हणून सोडून द्या; पण दगडी पायऱ्यांच्या ज्या बावड्यांतील गाळ अलीकडे रोजगार हमीच्या कामांत उपसला गेला, त्यांकडे पाहिले की पाण्याचा बंदोबस्त ही ज्या राजवटीची विद्या होती तिला केवळ पडक्या बुरुजांवरून जोखणे हा अन्यायच होय, असे माझे मत आहे.

अर्थात देवगड एकटा पुढे गेला तर टिकणार नाही, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. त्याची पडझड फार झाली आहे. मात्र जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जे बारा किल्ले मान्यता पावले, त्यांत महाराष्ट्रातील अकरांसमवेत तामिळनाडूतील जिंजीही होता. म्हणजे राज्याची हद्द ओलांडून एकच प्रस्ताव मांडता येतो. रामनगर, देवगड आणि महाराष्ट्रातील चांद्याचा परकोट यांना एका सूत्रात गुंफले, तर गोंड राज्यांची कहाणी प्रथमच सलग उभी राहील.

अशा प्रस्तावास भावना पुरत नाही. नकाशा, हद्द, मालकी व देखभालीची व्यवस्था असे दप्तर लागते. म्हणून या सभेतील ज्या घराण्यांकडे मालगुजारीचे जुने कागद, सनदा वा विहिरींच्या वहिवाटीच्या नोंदी असतील, त्यांनी त्या वाळवीच्या हवाली न करता त्यांच्या नकला शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडे द्याव्यात, अशी माझी आपणांस विनंती आहे.